छायाचित्राची मागची बाजू

छायाचित्रण शिकणाऱ्याला ॲपर्चर, शटर आणि आयएसओ यांचा मेळ काही महिन्यांत साधतो. पण समोर आलेले छायाचित्र वाचायचे कसे याकडे शिकवणाऱ्याचे आणि शिकणाऱ्याचेही फारसे लक्ष जात नाही, आणि त्यामुळे कॅमेरा सफाईने चालवणारा माणूसही जुन्या फोटोपुढे उभा राहिला की ‘छान आहे’ यापलीकडे काही बोलू शकत नाही. हे वाचन करायचे तर फोटो कोणत्या काळात, कोणत्या साधनाने आणि कोणत्या रसायनाने घेतला हा इतिहास माहीत हवा. तो कोणी, कोणासाठी आणि कोणाच्या पैशाने घेतला हा संदर्भ माहीत हवा. आणि या दोन्हींच्या आधारे चौकटीत काय आले, काय वगळले गेले आणि का, याची चिकित्सा करता आली पाहिजे. छायाचित्रकाराच्या हातालाही या अभ्यासाची तितकीच गरज असते, कारण चौकट निवडताना आपण काय वगळतो आहोत याचे भान त्यातूनच येते.

या अभ्यासासाठी मुंबई किंवा लंडन गाठावे लागते असे नाही. बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यातील सुलतानपूरला बसून तो करता येतो, कारण ज्या लोणारशी या गावाचा रोजचा संबंध आहे त्या लोणारची छायाचित्रे दीडशे वर्षांहून अधिक काळ घेतली जात आहेत आणि त्यांतली काही सर्वांत जुनी छायाचित्रे मेजर रॉबर्ट गिल यांची आहेत.

मराठी वाचकाला गिल हे नाव ठाऊक असते ते अजिंठ्यामुळे, आणि त्याहून अधिक पारो या तिथल्या स्त्रीवरील त्यांच्या प्रेमामुळे. ना. धों. महानोरांचे ‘अजिंठा’ हे काव्य आणि त्यावरचा २०१२ सालचा चित्रपट यांनी ती प्रेमकथा घराघरांत नेली. ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ साली अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती रंगवण्याच्या कामावर गिल यांची नेमणूक केली, आणि वर्षानुवर्षे खपून केलेल्या त्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या, हेही अनेकांनी वाचलेले असते. मात्र याच माणसाने नंतर कॅमेरा हाती घेतला, वास्तू-इतिहासकार जेम्स फर्ग्युसन यांच्या विवेचनासह गिल यांच्या छायाचित्रांची दोन पुस्तके १८६४ साली लंडनमध्ये निघाली, आणि १८६० नंतरच्या वर्षांत त्यांनी लोणारचे दैत्यसूदन मंदिरही टिपले, याची आठवण क्वचितच काढली जाते. छायाचित्रकार म्हणून त्यांची उपेक्षा झाली आहे आणि ती वऱ्हाडाने तरी दूर करायला हवी.

त्या काळात रूढ असलेली पद्धत ओल्या कोलोडियनची होती. काचेवर कोलोडियनचा चिकट थर पसरायचा, ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवून प्रकाशसंवेदी करायची, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून प्रकाश द्यायचा, आणि थर वाळण्यापूर्वी तिथेच अंधाऱ्या तंबूत ती धुऊन काढायची. हे सारे काही मिनिटांत उरकावे लागे. वऱ्हाडच्या उन्हात, पाण्याची टंचाई असलेल्या मुलखात, काचा आणि रसायनांच्या पेट्या वाहून नेत हे काम करणाऱ्याला शंभर फोटो काढून त्यांतला एक निवडण्याची मुभा नव्हती, म्हणून त्या काळची चौकट आधी डोळ्यांनी पक्की ठरवलेली असे. या थराला निळा प्रकाश फार लवकर आणि लाल-हिरवा प्रकाश जवळजवळ अजिबात कळत नसे. त्यामुळे अशा जुन्या फोटोंत आकाश कोरे पांढरे दिसते आणि झाडी काळवंडलेली दिसते. ते पाहून ‘त्या दिवशी ढग नव्हते’ किंवा ‘झाडे वाळली होती’ असा निष्कर्ष काढणारा अभ्यासक रसायनाचा दोष निसर्गावर ढकलत असतो. प्रकाश देण्यास सेकंदांचा अवधी लागत असल्याने हलणारी माणसे पुसट होत किंवा उमटतच नसत. म्हणून देवळासमोरचे अंगण ओस दिसले तरी ते ओस होते असे मानता येत नाही.

काळ्या बेसाल्टवरील शिल्प समोरच्या उजेडात सपाट दिसते आणि तिरप्या उन्हात उठून येते, हे दैत्यसूदनाच्या भिंतीपुढे ट्रायपॉड लावून उन्हाची वाट पाहणाऱ्या कोणालाही कळते. त्यामुळे जुन्या छायाचित्रातील सावल्यांवरून वेळेचा अंदाज बांधणे, कॅमेरा कुठे ठेवला असेल ती जागा शोधणे आणि तिथून आज काय दिसते ते टिपणे, हा छायाचित्रकाराला ग्रंथालयाबाहेर करता येणारा इतिहासाचा अभ्यास आहे. विद्वानाने पुस्तकांतून मिळवलेले ज्ञान आणि कारागिराच्या पायांखालची जागा यांची गाठ इथे पडते.

संदर्भाचा विचार त्याच्या पुढचा आहे. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून कंपनीच्या कारभारात गेले होते, आणि फर्ग्युसन यांना भारतीय वास्तुशैलींचा क्रम लावण्यासाठी पुरावे हवे होते. देऊळ पूजेचे स्थान म्हणून नव्हे तर शैलीचा नमुना म्हणून पाहिले गेले ते या गरजेतून. पुढे पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझिन्स यांनी दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील १९३१ च्या ग्रंथात हीच दृष्टी मोजमापांसह पूर्णत्वाला नेली. शिवाय लोणारचे सरोवर ज्या विवरात आहे ते १९व्या शतकात ज्वालामुखीचे मानले जाई. उल्काघाताचा निर्णायक पुरावा १९७०च्या दशकात खडकांच्या अभ्यासातून मिळाला. म्हणजे सरोवराच्या जुन्या चित्रातील एक कणही न बदलता त्याचा अर्थ बदलला.

छायाचित्र घेणारे सगळे साहेबच होते असेही नाही. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सदस्य होते, आणि एल्फिन्स्टन संस्थेत १८५५ मध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाल्यावर हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे व्यावसायिक त्यातून पुढे आले. त्याच शहरात विल्यम जॉन्सन यांनी निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांचे गट वेगळे टिपून ते दुसऱ्याच देखाव्यांवर चिकटवले आणि १८६०च्या दशकात त्यांचे ग्रंथ काढले. माणसांवरचा उजेड आणि मागच्या देखाव्यावरचा उजेड जुळतो का, एवढे तपासले तरी ही जोडणी ओळखता येते. छायाचित्रातील फेरफार संगणकाने आणला, हा समज त्याने कायमचा दूर व्हावा.

जून २०२० मध्ये लोणार सरोवर गुलाबी झाले तेव्हा ही चिकित्सा सर्वांच्याच उपयोगी पडली असती. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने हॅलोआर्किया या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचे तपासून सांगितले. पण मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रांतली गुलाबी छटा प्रत्येक ठिकाणी वेगळी होती. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कोणता रंग पांढरा धरायचा हे कॅमेऱ्याने ठरवणे, आपोआप होत असेल तर चौकटभर पसरलेला गुलाबी रंग कॅमेराच फिका करू शकतो, आणि नंतर हाताने रंग चढवणारा तो भडक करतो. लँडसॅट-८ उपग्रहाची २५ मे आणि १० जून या तारखांची चित्रे शेजारी ठेवली की बदल निश्चित कळतो, कारण तिथे तारीख, उंची आणि उपकरण ठाऊक असते.

हाच न्याय घरातल्या फोटोंना लावायला हवा. सुलतानपूरसारख्या गावांत भिंतीवरचा हार घातलेला एन्लार्ज केलेला फोटो, लग्नाचा अल्बम, स्टुडिओच्या रंगवलेल्या पडद्यापुढे उभे केलेले कुटुंब, यांना कोणी इतिहासाचे साधन मानत नाही. फ्रेंच विचारवंत रोलां बार्थ यांनी १९८० साली छायाचित्रावर लिहिलेले पुस्तक आईच्या बालपणीच्या एका फोटोभोवती फिरते आणि तरीही तो फोटो त्यात छापलेला नाही, कारण त्याचे मोल त्यांच्या एकट्यापुरते होते. घरगुती फोटोबाबत हे खरेच आहे. मात्र त्यामागची नावे आणि प्रसंग लिहून ठेवले तर तोच फोटो गावाच्या कपड्यांचा, शेतीचा, नात्यांचा आणि ऐपतीचा पुरावा होतो, आणि लिहिले नाहीत तर सांगणारी माणसे गेल्यावर अनोळखी चेहऱ्यांचा कागद उरतो.

म्हणून लोणार तालुक्यातील प्रत्येक घराला ही विनंती आहे: फोटोच्या मागच्या बाजूला, शाईने नव्हे तर मऊ पेन्सिलीने, कडेला हलक्या हाताने, नाव, गाव, साल, प्रसंग आणि फोटो काढणाऱ्याचे नाव लिहावे, स्टुडिओचा शिक्का असेल तर तो झाकू नये, निगेटिव्ह टाकून देऊ नयेत, आणि स्कॅन करताना दोन्ही बाजू कराव्यात.