जीर्णतेची साक्ष

माझे आजोबा मामलेदार कचेरीच्या दफ्तरखान्यात कारकून होते. रुमालांत बांधलेल्या मोडी कागदांना कसर लागू नये म्हणून ते जिवापाड जपत, आणि एवढे करूनही एखादा कागद कडांनी कुरतडलेला निघाला की दिवसभर हळहळत; परंतु संशय घेत तो मात्र नेहमी अगदी अक्षत कागदाचा. "जुन्या तारखेचा कागद कोऱ्या कडांचा आला, की तो मी दोनदा पाहतो," असे ते कागद कंदिलाशी धरून म्हणत. या उद्गाराचा मर्मार्थ मला त्यांच्या पश्चात पुष्कळ वर्षांनी, एका भुंगेऱ्याच्या निमित्ताने उमगला.

एका जुन्या महाविद्यालयाच्या कीटकसंग्रहातील सागवानी पेटीत, डांबरगोळ्यांच्या उग्र दर्पात, हा भुंगेरा टाचणीवर शंभराहून अधिक वर्षे उभा होता, आणि त्याखालच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरांत 'खंडाळा, जून १९०९' एवढाच मजकूर होता. त्याच डोंगरात आज आढळणारे भुंगेरे त्याचेच वंशज आहेत की भिन्न कुळातील, हा आमचा प्रश्न होता. पण प्राणी मरताच डीएनएची नित्य दुरुस्ती करणारी पेशींतील व्यवस्था बंद पडते. मग आर्द्रता आणि प्राणवायू आपले काम निमूटपणे करीत राहतात, आणि कोट्यवधी अक्षरांच्या सलग साखळीचा अखेर चाळीस-पन्नास अक्षरांचा चुरा उरतो.

पहिल्या खेपेस मी त्याचा एक पाय घेतला आणि प्राण्यांची जात ओळखण्यासाठी सर्वत्र वाचला जाणारा, सायटोक्रोम ऑक्सिडेज जनुकातील ६५८ अक्षरांचा भाग त्यातून एकसंध मिळतो का, ते पाहिले. तो निष्कलंक मिळाला, आणि त्या सायंकाळी मी हर्षभरित होऊन घरी गेले. दुसऱ्या दिवशी पडताळा पाहिला, तर ज्या नळीत कीटकाचा कणही घातला नव्हता, तीतही तीच अक्षरे निघाली. महिन्यापूर्वी त्याच मेजावर मी एक ताजा भुंगेरा चिरला होता. जे वाचले ते त्याचे होते.

ही चूक माझी असली तरी विज्ञानाला अपरिचित नव्हती. लेबनॉनच्या अंबरात बारा कोटी वर्षांपूर्वी अडकलेल्या सोंड्या किड्याचा डीएनए वाचल्याचे १९९३ साली प्रसिद्ध झाले. परंतु १९९७ साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधील संशोधकांनी अंबरातील कीटकांवर असे प्रयोग काटेकोरपणे करून पाहिले, तेव्हा त्यांच्या हाती प्राचीन डीएनए लागला नाही.

दुसऱ्या खेपेस मी स्वतंत्र खोली घेतली, मेज ब्लीचने पुसले, अतिनील दिव्याखाली ठेवले, आणि भुंगेऱ्याचे छेदन न करता तो सबंध देह प्रोटिनेज-के या विकराच्या द्रावणात ५६ अंश उष्णतेवर रात्रभर बुडवून ठेवला. हे विकर आतील मांसतंतू विरघळवते, कायटिनच्या कवचाला मात्र धक्का लावीत नाही. सकाळी भुंगेरा मद्यार्कात धुऊन वाळत ठेवला, आणि द्रावणातील डीएनए सिलिकाला चिकटवून वेगळा केला.

या वेळी जे हाती आले ते तुकडेच होते, आणि त्यांच्या टोकांशी 'सी'च्या जागी 'टी' अक्षर वारंवार उमटले होते. जलविघटनाने सायटोसिनचे युरासिल होते व वाचणारे विकर त्याला थायमिन समजते. तुटलेल्या टोकांशी हा पालट सर्वाधिक होतो. ताज्या डीएनएत ही खूण आढळत नाही. रिकाम्या नळीतून या वेळी भुंगेऱ्याचे काहीच निघाले नाही. काळाने कुरतडलेल्या त्या कडा पडद्यावर पाहताना मला दफ्तरखान्यातील तो कंदील आणि त्याच्याशी धरलेला कागद आठवला, आणि डोळे भरून आले.

टोकांचे बिघडलेले पाठ वगळून, एकाच जागेचे अनेक तुकडे परस्परांशी ताडून पाठ सिद्ध केला, तेव्हा आजच्या भुंगेऱ्याहून तो अनेक स्थळी निराळा निघाला. १९०९ सालच्या त्या पावसाळ्यात खंडाळ्यास वावरणारे कूळ वेगळे होते.

भुंगेरा पुन्हा त्याच टाचणीवर, त्याच पेटीत गेला. जुन्या चिठ्ठीखाली मी नवी चिठ्ठी टोचली आणि नोंदवहीत दोन्ही खेपा लिहिल्या. खोट्या ठरलेल्या ६५८ अक्षरांसह.