चाकावरचे घर आणि उसाच्या फडातली कोपी

इंग्लंडातला हिवाळा थंडीपेक्षा अंधाराने जास्त छळतो. डिसेंबरात दुपारी चार वाजताच घरात दिवे लावावे लागतात. नोकरीत होतो तोवर निभावले. निवृत्तीनंतर मात्र सौ.चे गुडघे आखडू लागले नि आम्ही दिवसदिवस खिडकीशी बसून राहू लागलो. आमच्या गल्लीतले एक इंग्रज जोडपे नाताळ उरकला की घराला कुलूप लावून स्पेनला जाई, ते मार्चअखेर परते. राहायचे हॉटेलात नव्हे, तर स्वतःच्या मोटारहोममध्ये. त्यांचे पाहून आम्हीही एक जुनी गाडी घेतली. गेले तीन हिवाळे आम्ही उभयतांनी दक्षिण स्पेनच्या उन्हात काढले. त्याची हकिगत वाचकांना सांगावी म्हणून हा लेखनप्रपंच.

पोर्टस्मथ बंदरात गाडीसकट बोटीत चढायचे. तीसेक तासांनी बोट स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर सांतांदेरला लागते. तिथून बुर्गोस, माद्रिद, ग्रानादा असे सुमारे हजार किलोमीटर खाली उतरायचे. आम्हाला घाई नसते. चार-पाच मुक्काम करीत जातो. बुर्गोसला पहाटे काचेवर बर्फ साचलेले असते. सिएरा नेवादाचे पांढरे डोंगर मागे टाकून अल्मेरियाला पोचलो की सौ. स्वेटर काढून ठेवते. हा युरोपातला अतिशय कोरडा प्रदेश. तिथले काबो दे गाता हे भूशीर १९८७ पासून संरक्षित निसर्गक्षेत्र आहे. एका अंगाला भूमध्य समुद्र, दुसऱ्या अंगाला मिठागरे आणि त्यांत एका पायावर उभे असलेले रोहित पक्षी. जानेवारीतही दुपारी दारात खुर्ची टाकून बसता येते.

गाडीत सगळा संसार आहे. बिछाना, दोन शेगड्या, छोटा फ्रिज, गॅसची टाकी, छतावर सौर पॅनेल. पाण्याची टाकी शंभर लिटरची. ती दोघांना तीन दिवस पुरवायची. घरी शॉवरखाली उभे राहणारे आम्ही इथे तांब्याने मोजून अंघोळ करतो. सौ. म्हणते, "अहो, माहेरी दोन हंड्यांत सगळं घर चालायचं. ते शिक्षण आत्ता कामाला आलं."

एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. गाडीतल्या संडासाखाली अठरा-वीस लिटरची डबी असते. दोन-तीन दिवसांनी ती ओढून काढायची, तळावरच्या ठरलेल्या जागी रिकामी करायची, धुवायची. पहिल्या दिवशी आम्ही ती घेऊन रांगेत उभे राहिलो. पुढे एक जर्मन गृहस्थ, नोकरीत असताना सर्जन होते म्हणे. मागे एक डच शिक्षिका. प्रत्येकाच्या हातात आपापली डबी आणि तोंडी हवापाण्याच्या गप्पा. कोणाच्या चेहऱ्यावर किळस नाही की लाज नाही. हे काम अमक्याच्या घरात जन्मलेल्यानेच करायचे, हा विचार त्या रांगेत कोणाच्या स्वप्नातही नव्हता. आपल्याकडे हाताने मैला उचलण्याची प्रथा बंद करण्यासाठी १९९३ साली कायदा करावा लागला, २०१३ साली पुन्हा करावा लागला, आणि तरीही गटारात उतरलेल्या माणसांच्या मृत्यूच्या बातम्या थांबत नाहीत. ती रिकामी डबी धुताना आमच्या मनात हेच होते.

पण वाचकहो, युरोपात सारे समान आहेत असा समज मात्र करून घेऊ नये.

काबो दे गाताहून नीहार गावाकडे निघालो की पांढरे प्लॅस्टिक सुरू होते. ही हरितगृहे. अल्मेरिया प्रांतात त्यांनी तीस हजार हेक्टरांहून अधिक, म्हणजे पाऊण लाख एकरांच्या घरात जमीन व्यापली आहे. अवकाशातून काढलेल्या चित्रांतही ती पांढरी दिसते. टोमॅटो, ढोबळी मिरची, काकडी तिथे पिकते आणि ट्रकांतून जर्मनी, फ्रान्स, इंग्लंडला जाते. आमच्या गावच्या दुकानात डिसेंबरात मिळणारे टोमॅटो याच प्लॅस्टिकखालचे. आणि तोडणारे हात मोरोक्कोचे, सेनेगलचे, मालीचे.

बाजारात ओळख झालेल्या एका मोरोक्कन तरुणाने आम्हाला चहाला नेले. रस्त्याकडेला जुन्या लाकडी फळ्या आणि हरितगृहांचेच फाटके प्लॅस्टिक ठोकून उभारलेल्या झोपड्या. नळ नाही. पाणी प्लॅस्टिकच्या डब्यांतून वाहून आणायचे. विजेची ओढलेली तार, आगीची सदाची धास्ती. याच भागातली एल वालिली नावाची मोठी वस्ती २०२३ च्या जानेवारीत पाडण्यात आली. पोराने पुदिन्याचा गोड चहा केला, बसायला एकुलती गादी आम्हाला दिली. म्हणाला, "कागद झाले की आईला भेटायला जाईन."

सौ. झोपडीकडे बघत होती. आम्ही जमिनीकडे बघत होतो. कारण ती झोपडी आम्ही आधी पाहिली होती.

आमचे आई-बापू बीड जिल्ह्यातून दर दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघत. मुकादमाची उचल घेतलेली, ती फेडायची. बैलगाडीत भांडी, ज्वारीचे पोते, कोंबड्या, धाकटी भावंडे. नवरा-बायको दोघे मिळून एक कोयता, अशी मोजणी. फडाजवळ उसाच्या पाचटाची कोपी, आत वाकून शिरायचे. पहाटेच्या थंडीत आई मोळ्या वाहून गाडी भरू लागे. उन्हाळा लागला की बिऱ्हाड परत. आम्हाला आजीने गावात ठेवून घेतले म्हणून शाळा सुटली नाही. पुढे औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयापर्यंत पोचलो. धाकट्या बहिणीची शाळा मात्र फडातच सुटली, ती कायमची.

हिवाळ्यात बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघणे आमच्या घरात नवे नाही. फरक एवढाच की आई-बापू निघत ते पोटासाठी, आम्ही निघतो ते उन्हासाठी. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून आम्हालाही नियम आहे: १८० दिवसांत ९० दिवसच राहायचे. आमच्या सोबतचे लोक त्यावर रोज कुरकुर करतात. आम्हीही करीत होतो. त्या चहानंतर केली नाही, कारण आमच्या नव्वद दिवसांना शेवटी परतायला पक्के घर आहे.

मोटारहोमची सहल करू नये असे आमचे म्हणणे नाही. ज्यांना जमेल त्यांनी जरूर करावी. म्हातारपणी हातपाय हलते राहतात, माणसे भेटतात, थोडक्यात भागवायची सवय लागते. मात्र उन्हात बसताना पलीकडच्या प्लॅस्टिकखाली कोण राबते आहे, हेही जाऊन पाहावे.

या वर्षी तळ सोडताना सौ.ने जादा पांघरुणे, एक शेगडी आणि पातेली त्या तरुणाकडे पोचवली. एवढ्याने त्याचा प्रश्न सुटत नाही, हे आम्हाला कळते. आमच्या आईला एका फडावर कोणी अनोळखी बाईने घोंगडी दिली होती. ती आई मरेपर्यंत त्या बाईची आठवण काढी.