साकु

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी परिचारिकेनं मला पाणी दिलं ते खोकल्याच्या औषधाच्या मापट्यातून. तीस मिलिलिटर. "हे पंधरा मिनिटांत संपवायचं. एकदम गिळू नका, स्वल्प स्वल्प," असं अर्धं मराठीत, अर्धं कन्नडात सांगून ती पुढच्या खाटेकडं वळली. शाळेतून आल्या आल्या उभ्यानं तांब्याभर पाणी घशाखाली उतरवणारी बाई मी. त्या मापट्याकडं बघून आधी हसू आलं. दोन घोटांनी छाती गच्च झाली तेव्हा हसू गेलं. मापट्यात अजून निम्मं पाणी शिल्लक होतं.

ही गोष्ट २०२३ सालच्या एप्रिलअखेरची, बेळगावच्या एका रुग्णालयातली. मी रामनगरची, जोयडा तालुक्यातली. मराठी शाळेत शिक्षिका. आमच्याकडची जुनी माणसं तालुक्याला अजून सुपा तालुकाच म्हणतात आणि जिल्ह्याला कारवार जिल्हा. काळी नदीवर धरण झालं, सुपा पाण्याखाली गेलं आणि तिकडची पुष्कळ घरं रामनगरला येऊन वसली. त्यातलं एक आमचं. मी तेव्हा शाळकरी होते. मला तिथलं अंगण आठवतं आणि आईला तिथली भूक आठवते, हे मला पुढं पन्नाशी उलटल्यावर कळलं.

ऑपरेशनच्या वेळी माझं वय बावन्न, उंची पाच फूट एक इंच, वजन ११२ किलो. मधुमेह बारा वर्षांचा, गुडघेदुखी त्याहून जुनी. लोंढ्याच्या बसमध्ये मी बसले की शेजारची जागा गर्दीतसुद्धा बराच वेळ रिकामी राही. लोक म्हणत, बाईंनी तोंडाला आवर घालावा. आवर किती वेळा घातला, किती उपास केले, गरम पाण्यात लिंबू पिऊन किती सकाळी काढल्या, त्याचा हिशेब माझ्याकडं आहे. दहा किलो जात आणि बारा परत येत. हे नुसतं मनाच्या दुबळेपणाचं काम आहे असं म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही.

२०११ साली नितीन गडकरींनी वजनासाठी शस्त्रक्रिया करून घेतल्याची बातमी वाचली होती. मोठ्या माणसांचं काम म्हणून पान उलटलं. २०१७ साली इजिप्तची इमान अहमद पाचशे किलोच्या घरात वजन घेऊन मालवाहू विमानातून मुंबईला उपचारांसाठी आली. तिचा फोटो शिक्षकखोलीत हातोहात फिरला आणि आम्ही सगळे हसलो. मीही हसले. ती बिचारी त्याच वर्षी वारली. माझा नंबर लागला तेव्हा खाटेवर पडल्या पडल्या मला त्या हसण्याची आठवण झाली, ती सांगितल्यावाचून पुढं जाववत नाही.

शस्त्रक्रिया कशी असते ते डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. जठराच्या वरच्या टोकाला कोंबडीच्या अंड्याएवढी पिशवी वेगळी करायची आणि खालचं आतडं आणून तिला जोडायचं. बाकीचं जठर पोटातच राहतं, पण अन्न त्याला वळसा घालून जातं. १९६६ साली अमेरिकेत आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन या शल्यचिकित्सकानं ही वाट पहिल्यांदा चोखाळली. व्रणामुळं जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचं वजन वाढत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. आजची पद्धत पुष्कळ सुधारलेली आहे. माझं पोट फाडलं नाही. चार-पाच भोकं पाडून दुर्बिणीतून सगळं झालं. त्याच १० मेला विधानसभेचं मतदान होतं. निवडणुकीची ड्युटी चुकवायला बाई दवाखान्यात जाऊन झोपल्या, असा विनोद शाळेत झाल्याचं मागाहून कळलं. असो.

गावात मात्र आम्ही खरं सांगितलं नाही. "पित्ताच्या पिशवीत खडे झाले होते" असं हे सगळ्यांना सांगत. गंमत अशी की, झपाट्यानं वजन उतरलं की खरोखरच असे खडे होऊ शकतात. म्हणून डॉक्टरांनी मला सहा महिने रोज गोळ्या दिल्या, आमचं खोटं खरं होऊ नये म्हणून.

आहारतज्ज्ञ बाई धारवाडकडच्या. तक्ता इंग्रजीत, समजावणं कन्नडात. पहिले दोन आठवडे फक्त पातळ, पुढचे दोन आठवडे वाटून गाळ केलेलं, मग मऊ, आणि मग कुठं चावायचं अन्न. जेवताना पाणी नाही. जेवणानंतर अर्ध्या तासानं. घास वीस-पंचवीस वेळा चावायचा. दिवसाला साठ ग्रॅम प्रथिनं. तक्त्यात ब्रोकोलीचं सूप होतं. रामनगरच्या बाजारात ब्रोकोली कोण आणणार? मी कुळथाचं सार चालेल का विचारलं. त्या म्हणाल्या, चालेल, पण गाळलेल्या पाण्यात प्रथिनं फारशी उतरत नाहीत, त्या भ्रमात राहू नका. एका अंड्यात सहा ग्रॅम. म्हणजे साठ ग्रॅमला दहा अंडी. असला हिशेब मी चौथीच्या मुलांना घालते. शेवटी पावडरीचा डबा घेतला. किंमत बघून ह्यांनी तो दोनदा खाली ठेवला आणि तिसऱ्यांदा पिशवीत टाकला.

आई माझ्याकडंच असते. घरी आल्यावर पहिल्या दिवशी तिनं तक्ता माझ्याकडून वाचून घेतला. आधी पाणी, मग पेजेची निवळ, मग मऊ गुरगुट्या भात. "हे तर पोराचं गो!" ती म्हणाली. माळ्यावरच्या ट्रंकेतून तिनं माझ्या लेकीच्या उष्टावणाची चांदीची वाटी काढली, चिंचेनं घासली आणि तेवढं माप धरलं. त्या महिन्यात आईइतकं माझं कोणी केलं नाही. पोर समजून ती मला भरवत होती, आणि पोराला थोडंच लागतं हे तिला मान्य होतं.

अडचण झाली ती मी पुन्हा मोठी झाल्यावर. जूनमध्ये शाळा सुरू झाली. पाऊस लागला की आमच्याकडं वीज जाते ती कधी कधी दोन दोन दिवस येत नाही. मिक्सर बंद, म्हणून आई पाट्यावर डाळ वाटून द्यायची. सातव्या आठवड्यात परवानगीचा पहिला भात खाल्ला आणि नडला. घंटा होईल या भीतीनं उकड्या भाताचे तीन घास भरभर खाल्ले. भात छातीत असा बसला की खालीही जाईना, वरही येईना. तोंडाला फेसाळ लाळ सुटली. शाळेच्या मागं भिंतीला टेकून मी पाऊण तास उभी होते. भातावर वाढलेल्या आम्हा लोकांना भातानंच दगा द्यावा, याचं फार वाईट वाटलं. डाळ उतरे, अंडं उतरे, अनमोड घाटातून वर येणारा गोव्याचा बांगडाही उतरे. भात मात्र सहा महिने रुसला होता.

भूक मात्र गेली होती. पोटाची भूक गेली तरी दुपारी चारला हात आपसूक खाऱ्या शेंगदाण्यांच्या डब्याकडं जायचा. मग कळलं, मी वर्षानुवर्षं चार वाजता भुकेनं खात नव्हतेच; शाळा सुटल्यावरच्या रिकामेपणानं खात होते. डबा उघडून बघायचा आणि झाकण लावायचं, असं किती दिवस केलं. कधी डबा उघडा ठेवून रडलेही. खाणं सुटलं की त्याच्या जागी काय ठेवायचं, हे त्या तक्त्यात लिहिलेलं नव्हतं.

चौथ्या-पाचव्या महिन्यात केस मुठीनं गळू लागले. परत येतात, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं आणि ते आलेही. पण चेहरा उतरलेला, दंड लोंबलेले, केस गळालेले. गावानं आपला निष्कर्ष काढला. बाजारात बायका हळू आवाजात विचारत, "बाई, रिपोर्टमध्ये काय आलं?" आपल्याकडं सुटलेली बाई सुखी आणि वाळलेली बाई आजारी. एका पालकानं तर बांबोळीच्या इस्पितळातल्या ओळखीचं नाव लिहून आणून दिलं. त्या माणसाच्या चांगुलपणापुढं खोटं टिकेना. त्या दिवसापासून मी विचारेल त्याला खरं सांगू लागले.

आईला मात्र माझं ताटावरून उठणं सोसेना. मी "पुरे" म्हणे आणि ती डाव रिता करी. आपल्या घरांत "पुरे" हा शब्द कोणी खरा धरत नाही, हे खरंच. पाहुण्यानं पुरे म्हणायचं, यजमानानं वाढायचं, मग पाहुण्यानं हात आडवा धरायचा आणि बोटांच्या फटीतून आणखी एकदा वाढून घ्यायचं. पण आईचं वेगळं होतं. ती चिडायची. "खोटं बोलू नको," म्हणायची.

त्या दिवाळीत नरकचतुर्दशीला पहाटे तुळशीपुढं कारीट फोडून झालं आणि पोह्यांची पानं मांडली. गूळ-खोबऱ्याचे पोहे आईनं वाटीभर वाढले. मी पुरे म्हटलं. तिनं वर नारळाची वडी ठेवली. सणाचा दिवस, तिचा चेहरा, आणि पोहे झालेही होते सुरेख. खाल्लं सगळं. वीस मिनिटांत छाती धडधडायला लागली, घामानं नवी साडी भिजली, डोळ्यांपुढं अंधारी. ही शस्त्रक्रिया झालेल्या माणसाचं गोड पोटात थांबत नाही. थेट आतड्यात उतरतं आणि आतडं अंगातलं पाणी ओढून घेतं. तासाभरानं आपोआप निवळतं, हे मला ठाऊक होतं. आईला नव्हतं. ती माझ्या उशाशी बसून थरथरत होती. आपल्या हातानं लेकीला घालवली असं तिला वाटलं.

त्या रात्री ती बोलली. लहानपणी, सुप्याकडं, आषाढ-श्रावणात कणग्यातलं भात सरायचं. मग मुडली, करांदे, सुरण, जे मातीतून निघेल ते उकडायचं. तेही कमी पडलं की पाण्यासारखी पेज. पाच भावंडं. थोरली म्हणून तिनं आधी "पुरे" म्हणायचं. "पुरे म्हटलं की तो घोट धाकट्याला जायचा. माझी आई मला विचारायची, खरंच पुरे? मी म्हणायची, पोट फुटंल आता." थोडा वेळ गप्प राहून ती म्हणाली, "पुरे म्हणणारं माणूस उपाशी असतं, बाय. मला दुसरं ऐकूच येत नाही."

मी काय बोलणार? बावन्न वर्षं त्या डावातून माझ्या ताटात काय पडत होतं ते त्या रात्री समजलं. वजनाचा दोष मी तिला देत नाही. बेकरीतली खारी आणि पगारानंतरच्या फरसाणाच्या पुड्या काही तिनं आणल्या नव्हत्या.

पुढं फेब्रुवारीत शेजारच्या अक्का उळवीच्या चन्नबसवेश्वराच्या जत्रेहून आल्या आणि त्यांनी आम्हा दोघींना जेवायला बोलावलं. अक्का हल्याळकडच्या, घरात कन्नड. त्या डाळीचं पळीभर घेऊन आल्या, "इन्नू स्वल्प?" मी म्हटलं, "साकु, अक्का." पळी मागं गेली. एवढंच झालं. ना आग्रह, ना रुसवा. आमच्या मराठी शाळेतली पोरंसुद्धा दुपारच्या जेवणाला स्वयंपाकिणीपुढं ताटावर हात धरून "साकु, साकु" ओरडतात. मला त्यात कधी काही विशेष वाटलं नव्हतं. आई मात्र अक्कांच्या पळीकडं बघत राहिली.

अक्काही आग्रह करत असतीलच. कन्नड माणसं काही कमी आग्रही नसतात. पण आईचं कन्नड बाजारातलं. रेशनच्या दुकानात रॉकेल मापून डब्यात ओतताना दुकानदार विचारायचा, "साका?" आणि डबा भरला की ती म्हणायची, "साकु." त्या शब्दामागं धाकटं भावंड उभं नव्हतं. भरलेला डबा होता.

आता माझं वजन ७१ किलो आहे. इन्सुलिन सुटलं, एक गोळी राहिली. ब-१२, लोह आणि कॅल्शियम जन्मभर घ्यायचं आहे, आणि वर्षातून एकदा बेळगावला जाऊन रक्त तपासायचं. दोन किलो अलीकडं परत आलेत, त्यावर लक्ष ठेवून आहे. भात परतला, पण चार चमचे. जानेवारीत जोयड्याला कंदमुळांचा मेळा भरतो, तिथून आणलेल्या मुडलीची उकडलेली फोड मी सावकाश चावून खाते; आई ते बघत बसते. एके काळी नाइलाजानं खाल्लेलं ते लोक गाड्या करून विकत न्यायला येतात, याचं तिला अजून हसू येतं.

गेल्या दिवाळीत पोहे तिनंच केले. गुळाचे बाजूला ठेवून दह्यातले घेतले, चांदीच्या वाटीत दोन डाव घातले, तिसरा डाव भरून हातात धरला आणि रेशनवाल्याच्या आवाजात विचारलं, "साका?"

"साकु," मी म्हटलं.

तिनं तो डाव आपल्या पानात घेतला आणि जेवायला बसली.