जाळीतला काटा

नाशिकरोडच्या माणसाला प्रवासाची मुळातच धास्ती. तो घरपट्टी नाशिकच्या महानगरपालिकेला भरतो, पत्त्यात नाशिक लिहितो, पण बिटको चौकातून रिक्षात बसून शालिमारला निघाला, की शेजाऱ्याला हटकून सांगतो, "जरा नाशिकला जाऊन येतो." आठ-दहा किलोमीटरला जो माणूस परगाव समजतो, त्याला ठाण्याला जायचे म्हणजे काय होत असेल याची कल्पना करा. मी तर निघण्यापूर्वी गाडीचे बॉनेट उघडून पाच मिनिटे गंभीर चेहऱ्याने आत बघत उभा राहतो. त्यातले मला काय कळते, असे ही विचारते. देवळात गेल्यावर आपण मूर्तीकडे बघतो, तेव्हा तरी आपल्याला काय कळते? बघायचे, मनातल्या मनात हात जोडायचे आणि झाकण लावायचे.

माझी उभी नोकरी इथल्या नोटांच्या छापखान्यात गेली, तीही तपासणीत. नोटेवरची रेघ केसभर सरकली तरी ती मला दिसे. या नोकरीने मला दोन गोष्टी दिल्या : पेन्शन आणि मोजल्याशिवाय कशावरही विश्वास न ठेवण्याची सवय. पहिलीने घर चालते, दुसरीने घरातले वैतागतात. दुधाचे माप, गॅसचे वजन, स्वतःचे ब्लडप्रेशर, सगळे माझ्या वहीत असते.

अशा माणसाच्या नशिबी इंजिनाच्या तापमानाचा काटाच नसलेली गाडी यावी, हा दैवाचा विनोद. हल्लीच्या पुष्कळ छोट्या गाड्यांत असतो तसा आमच्या गाडीत काट्याऐवजी एक दिवा आहे. इंजिन थंड असले की निळा, फार तापले की लाल. मधल्या सगळ्या काळात अंधार. शाळेने वर्षभर प्रगतिपुस्तक पाठवू नये आणि जूनमध्ये एकदम नापासाचा निकाल हातात द्यावा, तसा हा लाल दिवा.

तो निकाल मला २०२४ च्या मे महिन्यात कसारा घाटात लागला. ठाण्याहून येताना रबरी होजची क्लिप कुठेतरी सैल झाली, कूलंट थेंबथेंब गळत गेले आणि नेमका चढावर लाल दिवा लागला. मागे ट्रक, पुढे ट्रक, डावीकडे कठडा. थांबायला जागा मिळेपर्यंत बॉनेटमधून वाफ निघू लागली. गाडी टोचन करून आणली. गॅरेजात निदान झाले : हेड गॅस्केट उडाले, हेडला फेसिंग मारावे लागेल. बिल बघितल्यावर माझ्या स्वतःच्या डोक्यातला लाल दिवा लागला.

तेव्हा मला माझे मामा आठवले. मामांची प्रीमियर पद्मिनी होती. तिच्यात मापकाचे काम मामांचे नाक करी. घाटात मध्येच ते नाक वर करून हुंगत आणि म्हणत, "तापली. उतरा सगळे." कसाऱ्याला रेल्वेगाडीला मागून ढकलायला जादा इंजिने लावतात. तो चढच आहे ३७ फुटाला १ फूट, १८६५ साली घाटातून रेल्वे सुरू झाली तेव्हापासूनचा. मामा म्हणत, "रेल्वेला ढकलून घ्यायची लाज वाटत नाही, तर तुम्हाला ढकलायची लाज कसली?" मग आम्ही भाचे उतरून ढकलत असू आणि मामा ओले गोणपाट हातात घेऊन रेडिएटरचे झाकण थंड व्हायची वाट बघत. गाडीचे इंजिन शेवटपर्यंत शाबूत राहिले. आमचे खांदे तितके नाहीत.

मामांचे नाक काही मला वारशात मिळाले नव्हते. म्हणून मी जेलरोडच्या एका मेकॅनिककडे गेलो आणि म्हणालो, "मला काटा पाहिजे."

"मिळेल की काका," तो म्हणाला. "वरच्या होजमध्ये अडॅप्टर टाकू, त्यात सेन्सर. मीटर दोन इंची, गोल. पण बसवायचा कुठे?"

हा प्रश्न मला वाटला त्यापेक्षा बिकट निघाला. डॅशबोर्डच्या वर मध्यभागी गणपती होता. त्याला हलवायला ही तयार नव्हती आणि खरे सांगायचे तर घाटात मीही नव्हतो. डाव्या बाजूला आत एअरबॅग. काचेच्या कडेच्या खांबावर लावला तर वळणावरची माणसे दिसणार नाहीत. डॅशबोर्ड हा मुळात घोडागाडीचा शब्द. घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे लावलेली फळी, ती डॅशबोर्ड. आमच्या स्टेशनपासून नाशिकपर्यंत एके काळी घोड्यांची ट्राम चालत असे. त्या गाडीवानाला घोडा तापला की तोंडाचा फेस दिसत असणार. आता घोडा बॉनेटखाली, फेस दिसत नाही आणि फळीवर मात्र काटा लावायला जागा नाही.

मेकॅनिकची नजर एसीच्या जाळ्यांवर गेली. गाडीत चार गोल जाळ्या. "ह्यातली एक काढली की मीटर फिट बसतो, काका. दुकानातून आणल्यासारखा दिसेल."

उजव्या टोकाची जाळी स्टिअरिंगवरच्या हाताआड जाते. डाव्या टोकाच्या जाळीची पट्टी दोन वर्षांपासून मोडलेली, ती फक्त काचेला वारा घालते. राहिल्या मधल्या दोन. त्यातली उजवी माझ्या तोंडावर वारा मारते, डावी हिच्या.

"कोणती बुजवू, काका?"

मी गंभीरपणे आत बसलो, चष्मा वर केला, खाली केला, मान तिरपी केली आणि म्हणालो, "डावी. उजवीवर उन्हाची चमक येईल." वाचकांपासून काय लपवायचे? चमक दोन्हीकडे सारखीच येत होती. पण मला घाम फार येतो.

बसवायला अर्धा दिवस लागला. वरचा होज कापून मध्ये अडॅप्टर बसला, दोन्ही बाजूंनी क्लिपा आवळल्या, कूलंट भरून हवा काढली. वायर इंजिनाच्या पडद्यातल्या रबरी बुचातून आत आणली. एक तार इग्निशनला, फ्यूज लावून. दुसरी पार्किंगच्या दिव्याला, रात्री काटा उजळावा म्हणून. मग चावी फिरवली. काटा ढिम्म.

मेकॅनिकने डोके खाजवले. मी मनातल्या मनात हात जोडले. पाच मिनिटांनी तो स्वतःच हसला. सेन्सर एरवी इंजिनाच्या लोखंडात असतो, त्याला अर्थिंग आपोआप मिळते. इथे तो दोन्ही बाजूंनी रबराच्या मध्ये. त्याला अर्थिंगची वेगळी तार पाहिजे. तार जोडताच काटा झोपेतून उठल्यासारखा हलला आणि हळूहळू चढत ऐंशीच्या पुढे जाऊन थांबला. मला नातू पहिल्यांदा उभा राहिला त्या दिवसाची आठवण झाली.

आठ दिवसांनी पाऊस पडला आणि काट्याला घाम फुटला. काचेच्या आतून धुके, आकडा दिसेना. जाळी काढली तरी मागून एसीचा गार वारा मीटरच्या पाठीवर येतच होता. पुन्हा गॅरेज. या वेळी मागची नळी फोमने गच्च बुजवली. धुके गेले. डावीकडून येणारी उरलीसुरली झुळूकही गेली, पण तिकडे माझे लक्ष नव्हते.

काटा आल्यापासून माझ्या बोलण्यात आकडे आले. "द्वारकेच्या सिग्नलला सत्त्याण्णव झालं होतं. मग पंखा लागला. ब्याण्णव!" शेजारी विचारत, "कुणाला? मार्क?" मुलगा ठाण्याहून फोनवर म्हणाला, "बाबा, कंपनीचे काटे मुद्दाम आळशी ठेवलेले असतात. इंजिन थोडं वरखाली झालं तरी काटा मध्येच उभा राहतो, म्हणजे लोक उगीच घाबरत नाहीत. तुमचा खरं बोलणारा आहे. तुम्हाला झेपेल का?" मी त्याला सांगितले, आयुष्यभर तुझ्या आईशी संसार केला आहे, खरे बोलणाऱ्याची मला सवय आहे.

खरी परीक्षा घाटात. ती २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ठाण्याहून परतताना आली. ही म्हणाली, "समृद्धीवरून चला ना. बोगदा झालाय म्हणतात." त्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला होता. जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा, घाटाचे नावसुद्धा घ्यायला नको. पण मी म्हणालो, "बोगद्यात कसली परीक्षा? आपण जुन्या रस्त्याने जाऊ." ही काही बोलली नाही. पर्समधून लिंबू काढून हातात धरले.

हे लिंबू मी अडतीस वर्षे बघत आलो आहे. हिला घाट लागतो. लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासात एसटीत लागला होता, तेव्हापासून हातात लिंबू आणि तोंडावर गार वारा एवढाच तिचा इलाज. एसटीत ती खिडकीपाशी बसे. गाडी आल्यापासून काचा बंद आणि समोरची जाळी तोंडाकडे वळवलेली. हे मला माहीत नव्हते असे नाही. वहीत नव्हते, इतकेच.

कसारा सोडले आणि चढ लागला. ऑक्टोबरचे ऊन, पुढे लोखंडी सळया भरलेला ट्रक, मी दुसऱ्या गिअरमध्ये. "ब्याण्णव," मी म्हणालो. वळण. "चौऱ्याण्णव." आणखी एक वळण. "सत्त्याण्णव! आता बघ, पंखा लागेल. लागला! बघ, बघ, उतरला! नव्वद! आहे की नाही?"

उत्तर आले नाही. थोड्या वेळाने बारीक आवाज आला. "अहो, गाडी थांबवा."

"अगं, नव्वदला आहे. थांबवायचं काही कारणच नाही."

"कारण मी आहे," ही म्हणाली.

तेव्हा मी पहिल्यांदा डावीकडे पाहिले. म्हणजे काट्याच्या पलीकडे पाहिले. चेहरा कागदासारखा पांढरा, कपाळावर घाम, लिंबू मुठीत चुरगळून गेलेले. नोटेवरची केसभर सरकलेली रेघ ओळखणारा मी हातभर अंतरावरचा हा बदल कसाऱ्यापासून बघू शकलो नव्हतो. लाल दिवा लागला तेव्हाच मला कळले.

जागा बघून गाडी बाजूला घेतली. ही कठड्यापाशी गेली आणि व्हायचे ते झाले. मी डिकीतून पाच लिटरचा कॅन काढला. तो मी रेडिएटरसाठी ठेवला होता, २०२४ पासून. त्या पाण्याने तिने तोंड धुतले, मी रुमाल भिजवून मानेवर ठेवला. गोणपाट नव्हते, नाहीतर मामांचीच आठवण झाली असती. वारा सुटला होता. खाली दरीत एक मालगाडी चढत होती आणि मागून इंजिने तिला ढकलत होती. आम्ही दोघे कठड्यावर बसून ती बघत राहिलो. मी माफी मागायला तोंड उघडले, तेवढ्यात एक ट्रकवाला वेग कमी करून ओरडला, "क्या हुआ चाचा? गरम हो गयी?"

"हां भैया," हिनेच उत्तर दिले. "लेकिन गाड़ी नहीं."

ट्रकवाला हसत पुढे गेला. मी हसावे की नाही हे मला ठरवता येईना. हिनेच माझ्याकडे बघून विचारले, "तुमचा काटा डावीकडेच का बसवला हो?"

"उजवीवर उन्हाची..." मी सुरुवात केली आणि थांबलो. खरे बोलणाऱ्यापुढे खोटे फार वेळ टिकत नाही. "मला घाम येतो म्हणून," मी म्हणालो.

"ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ही म्हणाली आणि उरलेल्या लिंबाची फोड तिने मला दिली.

दुसऱ्या दिवशी मी जेलरोडला हजर. मेकॅनिकने डावीकडचा फोम काढला, जुनी जाळी धुऊन पुसून परत लावली आणि काटा उजवीकडे आणला. "काका, आता तुम्हाला वारा?" त्याने विचारले. मी त्याला सांगितले, मी काट्याकडे बघूनच गार होतो. जाता जाता डाव्या टोकाची मोडकी पट्टीही बदलून घेतली. दोन वर्षे राहिलेले ते काम दहा मिनिटांत झाले.

उजवीवर, सांगायला हरकत नाही, उन्हाची चमक खरोखरच येते. दुपारी चारनंतर मला आकडा दिसतच नाही. त्यामुळे घाटात मी आता दुसऱ्या मापकावर भिस्त ठेवतो. मधूनमधून मान डावीकडे वळवून विचारतो, "किती?"

ही डोळे मिटून, तोंडावर वारा घेत, लिंबू नाकाशी धरून म्हणते, "नव्वद."

सत्त्याण्णव म्हणाली, की मी गाडी बाजूला घेतो.