फाऊल गेला की उठायचं

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलला आम्ही २०१७च्या जूनमध्ये रामराम ठोकला आणि सप्टेंबरात तिथला लेक्सिकन मॉल उघडला. जुनं मार्केट पाडतानाची धूळ आम्ही खाल्ली, चकचकीत दुकानं दुसऱ्यांच्या वाट्याला गेली. ही तक्रार नवरा अजून पुण्यात बसून करतो.

गेल्या जुलैत लंडनला भाचीकडे उतरलो होतो. रविवारी ब्रॅकनेलला जायचं म्हटल्यावर ती म्हणाली, "मावशी, तिथे काय आहे बघायला?" खरं आहे. युद्धानंतर, १९४९ साली आखून वसवायला घेतलेलं गाव; किल्ला नाही की कॅथेड्रल नाही. राउंडअबाउट मात्र मोजता मोजता थकाल इतके. हवामान खात्याचं मुख्यालय होतं, तेही आम्ही राहायला जायच्या आधीच, २००३ साली एक्सेटरला गेलं. पण आम्हाला ब्लेझर्सची मॅच बघायची होती.

ब्रॅकनेल ब्लेझर्स हा बेसबॉलचा संघ, आणि त्याचं वेड माझं. मी अमरावतीची. शाळेत सॉफ्टबॉल खेळायचे, शॉर्टस्टॉपला. ब्रॅकनेलला नवीन असताना मुलाला बाबागाडीत घालून लिली हिल पार्कात फिरत होते, तेव्हा झाडांपलीकडून आवाज आला. चामड्याच्या ग्लोव्हमध्ये चेंडू बसतो तो 'थप्'. वीस वर्षांनी ऐकला, पण तळहात लगेच झिणझिणला. त्यानंतर आमचे उन्हाळी रविवार तिथेच गेले. २००९ साली हा संघ राष्ट्रीय विजेता झाला. गावात कुणाला सांगितलं तर विचारायचे, "आपल्याकडे बेसबॉल खेळतात?"

वॉटर्लूहून गाडीने तासभर, पुढे स्टेशनपासून चालत. वाटेत मी पराठ्यांचा डबा धरला होता, नवऱ्याने दोन घडीच्या खुर्च्या. भाचीच्या खुर्च्या नेल्या ते बरंच झालं, कारण तिथे प्रेक्षकांसाठी असं काही नसतंच. तिकीट नाही, गॅलरी नाही. मोजून सव्वीस माणसं होती, त्यात खेळाडूंच्या बायका, आईबाप आणि एक कुत्रा धरून.

नवरा पक्का क्रिकेटवाला. अकरा वर्षं बघूनही त्याचा एक सल गेलेला नाही. बॅट्समनसमोरच्या नव्वद अंशांच्या पाचरीबाहेर चेंडू गेला की फाऊल. "म्हणजे लेट कट फुकट! विश्वनाथला इथे कुणी उभं केलं नसतं." शेजारच्या आजोबांना एवढंच कळलं की हा क्रिकेटबद्दल कुरकुरतोय. त्यांनी शांतपणे सांगितलं, की बेसबॉल अमेरिकेचा समजू नका. १७४९ साली इथून जवळच, वॉल्टन-ऑन-टेम्सला, खुद्द युवराज बेसबॉल खेळल्याची बातमी तेव्हाच्या लंडनच्या वर्तमानपत्रात आहे. नवरा गप्प. मला गार वाटलं.

संघातलं कुणीच ओळखीचं नव्हतं. आम्ही पाहिलेला पिचर, बाद झाला की हेल्मेट आपटणारा तो दाढीवाला, सगळे गेले. मी जरा हिरमुसले. तेवढ्यात एक फाऊल जाळीवरून उंच गेला आणि आमच्या मागच्या झाडीत पडला. तिथे चेंडू आणायला पोरं ठेवलेली नसतात. जो जवळ बसलाय त्याने उठायचं, ही जुनी रीत. आम्ही दोघंही काही न बोलता उठलो. खाजकुयलीची भावंडं शोभतील अशा नेटल्सनी नवऱ्याची पोटरी पेटवली, पण चेंडू त्यालाच सापडला. तो त्याने सराईत क्षेत्ररक्षकासारखा फेकायला हात उचलला, आणि मग काय वाटलं कोण जाणे, माझ्या हातात दिला.

गवताचा हिरवा डाग पडलेला, सॉफ्टबॉलहून लहान, वजनाला तसा भरीव. लाल टाक्यांवर दोन बोटं आपोआप बसली. खांदा पन्नाशीचा आहे हे विसरून मी फेकला. दोन टप्पे घेऊन गेला, पण पोचला. तिथल्या पोराने हात वर करून "थँक यू, मॅम" म्हटलं आणि लगेच पाठ फिरवली.

संध्याकाळपर्यंत आम्ही अजून तीनदा उठलो. खांदा चार दिवस दुखला.

तुमचं कुणी त्या बाजूला असेल तर उन्हाळ्यातल्या रविवारी लिली हिल पार्कात जरूर पाठवा. सामना आहे ना तेवढं आधी बघावं, खुर्ची घरून न्यावी, आणि पँट पूर्ण लांबीची घालावी.