निरोपाचा कर्ता

मराठीत 'निरोप' या एका शब्दाला दोन अर्थ आहेत. कुणापर्यंत पोचवायचा तो निरोप आणि जाणाऱ्याला द्यायचा तोही निरोप. भाषांतर करताना हे दोन अर्थ मी नेहमी वेगळे ठेवत आले. गेल्या वर्षी आमच्या मंडळीतल्या एका नोटिशीपाशी ते एकत्र आले.

मराठी मुलुखाबाहेरच्या ज्या शहरात मी राहते, तिथल्या एका चर्चमध्ये तीन भाषांत उपासना होतात. मराठी उपासना महिन्यातून दोनदा, दुपारी. माणसे पन्नास-साठ, बहुतेक रेल्वेच्या नाहीतर लष्कराच्या नोकरीमागे इकडे आलेल्यांची मुले-नातवंडे. सूचना इंग्रजीत तयार होतात आणि मराठी करायला माझ्याकडे येतात. कापणीचा सण, संडे स्कूलची सहल, स्मशानभूमीची साफसफाई. या खेपेला दोन ओळी होत्या. सेक्स्टनला अमुक तारखेपासून कामातून मुक्त करण्यात आले आहे, आणि त्याच्या सेवेबद्दल मंडळी आभारी आहे.

सेक्स्टन म्हणजे चर्चचे दार उघडणारा, घंटा वाजवणारा, बाकांवर गीतांची पुस्तके मांडणारा, प्रभुभोजनाच्या मेजावर पांढरे कापड अंथरणारा. आमच्याकडे हे काम बावीस वर्षे एकाच माणसाने केले. सगळे त्यांना मामा म्हणतात. चर्चच्या मागे दोन खोल्यांत ते, मामी आणि दहावीतली मुलगी राहतात.

भाषांतर पाच मिनिटांचे होते. 'करण्यात आले आहे' हा प्रयोग सरकारी कागदांनी आपल्या हाताशी ठेवलेलाच आहे. त्यात क्रिया घडते, पण करणारा दिसत नाही. अडचण अशी की वाक्यातून कर्ता काढून घेतला की ऐकणारा त्याला शोधू लागतो, आणि तो सापडला नाही तर कारण स्वतःच तयार करतो. नोटीस वाचली जाण्याआधीच कुजबुज सुरू झाली होती. "दानपेटीचं काहीतरी झालं म्हणे." दानपेटीचे काहीही झाले नव्हते. वर्गणी घटली होती, छप्पर गळत होते, आणि साफसफाईचे काम कंत्राटावर स्वस्तात होत होते. गोष्ट सरळ पैशांची होती. ती सांगायची लाज वाटत होती, एवढेच.

मी सेक्रेटरींना फोन केला. "साहेब, मामांना मुक्त कुणी केलं?"

"ताई, आहे तेवढंच मराठीत करा. घरातली गोष्ट आहे, चव्हाट्यावर कशाला?"

ते वाईट माणूस नाहीत. पण 'घर' हा शब्द मला खटकला. आपल्या भाषेत 'मंडळी' म्हणजे चर्चही आणि घरची माणसेही. पगार वाढवायची वेळ आली की मामांचे काम 'सेवा' असते आणि थांबवायची वेळ आली की 'नोकरी'. ऑफिसातून काढलेला माणूस रविवारी निदान आपल्या चर्चला जाऊ शकतो. मामांची नोकरी, घर आणि उपासनेची जागा एकाच भिंतीच्या आत होती. एका वाक्याने तिन्ही जाणार होते, आणि वर चोरीचा संशय राहणार होता.

मतभेदाने कुणी गेल्याची गोष्ट कशी लिहावी, याचा धडा खरे तर आमच्याच शास्त्रात आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात पौल आणि बर्णबा वेगळे होतात. पूर्वी अर्ध्यातून परत गेलेल्या मार्कला पुन्हा बरोबर घ्यायचे की नाही, यावरून. तिथला मूळ ग्रीक शब्द 'पारॉक्सुस्मॉस' आहे. वैद्यकात तो एकाएकी उफाळून आलेल्या दुखण्याला लावतात. लूक हा शब्द मऊ करत नाही. भांडण कुणाचे, कशावरून, कोण कुणाला घेऊन कुठे गेले, सगळे सांगतो. बर्णबा मार्कला घेऊन कुप्रास, पौल सीलाला घेऊन सूरिया-किलिकियाकडे. पुढे कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात हाच मार्क पौलाजवळ आहे. काय घडले हे स्पष्ट लिहिलेले असले तरी परतीची वाट बंद होत नाही.

स्वतः ठरवून जाणाऱ्याची गोष्ट निराळी. १९१७ साली रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. दोन वर्षांनी ते वारले. त्या सोडण्याचे कर्ते ते स्वतः होते. मामांचे वाक्य मात्र दुसरेच कुणीतरी लिहीत होते. म्हणून ते पुरे लिहिणे लिहिणाऱ्यांवर होते.

मी पास्टोरेट कमिटीला तीन प्रश्न लिहून पाठवले. कुणी ठरवले? का ठरवले? मामांना काय देणार? आणि उत्तरे आल्याशिवाय मराठी करणार नाही असे कळवले. पाळकसाहेबांनी मला बैठकीला बोलावले. १९७२च्या ग्रॅच्युइटी कायद्याचे माप सोपे होते: सलग पाच वर्षे झाली असतील तर प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. दहापेक्षा कमी माणसे कामाला असतील तिथे तो कायदा बांधत नाही आणि आपल्याकडे चारच आहेत, हे खजिनदारांनी बरोबर सांगितले. पाळकसाहेब म्हणाले, "बांधत नसेल. पण माप तर चांगलं आहे ना?" बावीस वर्षांचे ३३० दिवस. महिन्याचे सव्वीस धरले तर साडेबारा महिन्यांहून थोडे अधिक. दोन तास वाद झाला. शेवटी रक्कम दोन हप्त्यांत द्यायचे आणि मुलीची परीक्षा होईपर्यंत खोल्या त्यांच्याकडेच ठेवायचे ठरले. नोकरी वाचली नाही.

मराठी नोटीस सहा वाक्यांची झाली. पहिल्याचा कर्ता 'पास्टोरेट कमिटी' होता. दुसऱ्यात पैशांची अडचण होती. तिसरे असे होते: मामांविरुद्ध कोणतीही तक्रार नाही आणि कधी नव्हती. मग इंग्रजी नोटीसही तशीच बदलावी लागली. पाळकसाहेबांनी ती वाचली तेव्हा मामा नेहमीसारखे दाराशी उभे होते. दानपेटीबद्दल बोलणाऱ्या दोघी-तिघी खाली बघत होत्या.

उपासनेनंतर लोक मामांना सलाम करून, हात हातात घेऊन गेले. मीही गेले. ते म्हणाले, "ताई, ते तक्रारीचं वाक्य मला वेगळ्या कागदावर द्याल? सही-शिक्क्यासकट. पुढं काम मागताना लागेल."

सेक्रेटरींनी ते त्याच दुपारी चर्चच्या लेटरहेडवर टाइप करून दिले. मामा आता एका शाळेत रखवालदार आहेत. रविवारी कधी येतात, कधी येत नाहीत. आले तर मागच्या बाकावर बसतात. पहिला हप्ता मिळाला. दुसरा जूनमध्ये आहे. तारीख मी डायरीत लिहून ठेवली आहे.