बार्शी लाइटचा मालधक्का

मॉडेल रेल्वेच्या एचओ स्केलमध्ये, म्हणजे १:८७ या प्रमाणात, एक फूट साडेतीन मिलिमीटरचा होतो. बार्शी लाइट रेल्वेचा रूळ अडीच फुटी, ७६२ मिलिमीटरचा. त्याला ८७ने भागलं की जेमतेम पावणेनऊ मिलिमीटर उरतात, आणि एन गेजचा नऊ मिलिमीटरचा रूळ जगभर तयार मिळतो. ब्रॉडगेजची हुबेहूब प्रतिकृती करणाऱ्यांना ही सोय नाही. त्यांच्या गाडीला सव्वाएकोणीस मिलिमीटरचा रूळ हवा, दुकानात मात्र साडेसोळाचाच मिळतो. हे गणित कळलं तेव्हाच मी ठरवलं, करायचा तर बार्शी लाइनवरचाच एक मालधक्का.

ही लाइन एव्हरर्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची. गाडीच्या कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, मग हलके रूळही पुरतात आणि खर्चही आटोक्यात राहतो, हा त्याचा आग्रह. १८९७मध्ये गाडी बार्शीला पोचली, १९०६मध्ये पंढरपूरला, १९११मध्ये लातूरला आणि १९२७मध्ये मिरजेला. १९५४मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. आज या सगळ्या मार्गावर ब्रॉडगेज आहे. आषाढीला टपावर माणसं बसवून पंढरपूरला जाणारी ती गाडी आता जुन्या फोटोंत आणि म्हाताऱ्यांच्या बोलण्यातच भेटते.

माझा धक्का कुठल्या एका स्टेशनची नक्कल नाही. काळ्या दगडाचं जोतं, लाकडी खांब, पत्र्याचं छप्पर, दोन सरकते दरवाजे, एवढंच. पण मापं खरी. कॅलथ्रॉपच्या वाघिणी पंचवीस फूट लांब आणि सात फूट रुंद असत. म्हणजे नऊ मिलिमीटरच्या रुळावर साडेचोवीस मिलिमीटर रुंदीची वाघीण! त्यामुळे धक्क्याची कड रुळापासून किती लांब ठेवायची, हे वाघीणच ठरवते. ती आधी केली, धक्का नंतर.

सगळ्यात जीव रमला तो पत्र्यांत. खऱ्या पन्हळी पत्र्याच्या दोन उंचवट्यांमध्ये तीन इंच असतात. इथे ते एक मिलिमीटरही भरत नाही. पाच मिलिमीटर जाडीच्या बोल्टचे आटे ०.८ मिलिमीटरवर असतात, म्हणून तोच बोल्ट घेतला. जेवणाच्या पार्सलच्या डब्याचं ॲल्युमिनियम कापून रबरी माउसपॅडवर पसरायचं आणि त्यावरून बोल्ट दाबून लाटण्यासारखा फिरवायचा. खाली समांतर पन्हळी उमटतात. आट्यांमुळे त्या किंचित तिरक्या येतात, पण त्यांच्याच कडेने कापलं की पत्रा सरळ. आठ फुटी पत्रा अठ्ठावीस मिलिमीटरचा झाला.

मग गंज. पुण्याच्या तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून फेरिक क्लोराइड मिळतं, सर्किट बोर्डावरचं तांबं खाण्यासाठी वापरतात ते. त्यात ॲल्युमिनियम टाकलं की क्षणभर काहीच होत नाही, मग एकदम फेस येतो, द्रावण तापतं आणि पत्र्याच्या कडा कुरतडल्या जाऊ लागतात. हे काम गॅलरीतच, हातमोजे आणि चष्मा घालूनच करावं. पत्रा चिमट्याने वेळेवर उचलून पाण्यात टाकला की तो करडा, खडबडीत, कुठे कुठे भोकं पडलेला दिसतो. कोणत्याही रंगाने हा परिणाम साधत नाही, असं माझं ठाम मत आहे.

रंगवताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारत राहिलो: हा डाग इथेच का पडला? गंज धरतो तो खिळ्यांच्या भोकांपाशी आणि जिथे एक पत्रा दुसऱ्यावर चढतो तिथे, कारण पाणी तिथेच साचतं. पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून त्या बाजूची उतरण जास्त खराब. रुळाकडच्या वळचणीला काजळी, कारण इंजिन तिथे धूर सोडत उभं राहणार. पागोळ्यांनी उडालेली काळी माती जोत्यावर फूटभर, म्हणजे साडेतीन मिलिमीटरच चढलेली. दरवाज्याची कड चौदा मिलिमीटर उंचीवर काळपट, कारण हमालाचा हात तिथेच लागणार. आणि धक्क्याचे दगड गुळगुळीत झाले ते फक्त दरवाज्यांसमोर, पोती ओढून ओढून. इतरत्र कड शाबूत. नुसता सगळीकडे तपकिरी रंग फासला असता तर इमारत मळकट दिसली असती, जुनी नाही.

पोती एम-सीलची. ती ओली असतानाच एकावर एक रचली. खालचं पोतं वरच्याच्या वजनाने दबतं, कडेला फुगतं. वाळल्यावर रचली असती तर ती गोट्यांसारखी दिसली असती.

जमिनीसाठी खरीच काळी माती घेतली. कढईत भाजली, गाळणीतून आणि मग मलमलीतून चाळली. पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला की ते मातीवर मण्यांसारखं न थांबता आत मुरतं. डिंकाने माती गडद होते, शिवाय छोट्या मापात सगळेच रंग जड वाटतात, म्हणून तीत थोडी खडूची पूड मिसळली.

आता धक्क्याच्या टोकाला इंजिनासाठी पाण्याची टाकी उभी करायची आहे. दगडी चौथरा तयार आहे, टाकीच्या पत्र्यांवरचे रिव्हेट सुईच्या टोकाने उलट्या बाजूने उठवतोय. ती टाकी गळकी दाखवणार. मग चौथऱ्याच्या एका अंगाला शेवाळ येईल आणि खाली, बाकी सगळं रान उन्हाने फुटलेलं असताना, हातभर जागेत हिरवी हरळी.